तुझ्या मापाचे हातमोजे

दर्शना,

तुझ्या शोकसभेतून मी मधेच उठून गेले. नंतर ऑफिसात सगळे म्हणत होते, रीटाला रडू आवरलं नाही. रडू नव्हतं ते. मला राग आवरला नाही. पण फोटोसमोरून तडक उठून जाणारी बाई रडतच असणार, असं लोकांनी धरून ठेवलेलं असतं.

फोटो तरी कुठला लावला होता, तर महिलादिनाचा. जांभळी साडी, हातात गुलाब, शेजारी उभ्या असलेल्या साहेबांचा खांदा कापून टाकलेला. तू आयुष्यात एकदाच त्या ऑफिसात साडी नेसून आलीस आणि नेमकी तीच त्यांना सापडली. खाकी शर्टातला, डोक्यावर पिवळं हेल्मेट घातलेला तुझा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. मी तो पाठवलाही होता. हा बरा दिसत नाही, असं उत्तर आलं.

साहेब बोलले. तू त्यांना धाकट्या बहिणीसारखी होतीस म्हणाले. हसतमुख होतीस, घर सांभाळून नोकरी करत होतीस. इतकी वर्षं विजेच्या खांबावर चढलेल्या बाईबद्दल बोलताना खांब हा शब्द त्यांच्या तोंडून एकदाच आला, तोही असा: "यापुढे आपल्या भगिनींना खांबावर पाठवून त्यांचा जीव आपण धोक्यात घालणार नाही. त्यांना काउंटरवर, फोनवर, सुरक्षित काम दिलं जाईल. हीच दर्शनाताईंना खरी श्रद्धांजली." बसलेल्यांनी माना हलवल्या. मी उठले.

म्हणजे बघ, मेलीस तू आणि शिक्षा आम्हाला.

आपण दोघी एकाच दिवशी रुजू झालो होतो. वीज कंपनीच्या त्या सेक्शन ऑफिसात त्याआधी बाई म्हणजे फक्त सकाळी केर काढायला येणारी. आपल्या ओळखपत्रांवर 'वायरमन' असं छापलेलं होतं. तू ते उलटसुलट करून बघितलंस आणि हसत सुटलीस. मग कितीतरी महिने त्या दोन वायरमननी तक्रारींचे फोन घेतले, बिलांचे गठ्ठे लावले आणि साहेबांकडे कोणी आलं की चहा केला. आयटीआयला आपल्याच वर्गात बसलेले, आपल्यापेक्षा कमी मार्कांनी सुटलेले पोरगे शिडी खांद्यावर टाकून लाईनवर जायचे आणि जाताना आपल्याला सांगून जायचे की परत येऊ तेव्हा चहा तयार ठेवा. ऑफिसात बाईमाणसासाठी बाथरूम नव्हतं. आपण मागच्या घरी जायचो, आणि त्या घरातल्या काकूंना आपलं येणं जड वाटू नये म्हणून त्यांची बटणं, होल्डर, मिक्सर, जे बिघडेल ते दुरुस्त करून द्यायचो. नोकरीतलं आपलं पहिलं विजेचं काम ते. बाथरूमच्या बदल्यातलं.

तुला खांब मिळाला तो कोणी दिला म्हणून नाही. त्या पावसाळ्यात वारा असा सुटला होता की ठिकठिकाणी माड तारांवर आडवे पडले होते. माणसं कमी, त्यातले दोघे तापाने झोपलेले. आचऱ्याच्या वाटेवरच्या एका वाडीत नळपाण्याचा पंप बंद, लोकांना प्यायला पाणी नाही. आपले सगळ्यात जुने लाईनमन परब मामा खांबाखाली उभे होते. त्यांचा गुडघा सुजलेला. तू बेल्ट उचललास आणि म्हणालीस, मी चढते. मामांना तेव्हा आपण दोघी म्हणजे कंपनीने त्यांच्या गळ्यात अडकवलेलं नसतं लोढणं वाटायचो.

"पडलंस तर तुझ्या घोवाक मी काय सांगू?" मामांनी विचारलं.

"पडली म्हणान सांगा," तू म्हणालीस आणि चढलीस.

पंप चालू झाला तेव्हा वाडीतल्या बायकांनी तुला शहाळं दिलं. मामांनाही दिलं, पण आधी तुला. दुसऱ्या दिवशी मामांनी चहा स्वतः करून घेतला. एवढीच त्यांची कबुली, पण ते कबुली देणाऱ्यातले होते, हे मला पुढे कळायचं होतं.

मग तू मला वर काढलंस. मला उंचीची भीती होती, आजही आहे. पहिल्या वेळी मी अर्ध्यावर खांबाला मिठी मारून बसले, डोळे मिटून. तू खालून ओरडली नाहीस, खिदळली नाहीस. म्हणालीस, खाली बघू नको, समोर बघ. समोर माडांच्या शेंड्यांवरून समुद्र दिसत होता आणि त्यात किल्ला. इतकी वर्षं मालवणात राहून मी किल्ला माडांच्या वरून कधी पाहिला नव्हता. मी त्याच्याकडे बघत हळूहळू हात मोकळे केले. माझी आज जी काही नोकरी आहे, पगार आहे, माझ्या घरात माझ्या शब्दाला जे काही वजन आहे, ते त्या दिवशी मोकळ्या झालेल्या हातांचं आहे. हे मी तुला कधी सांगितलं नाही. आपण डबा वाटून खायचो, सोमवारी तुझं मासे न खाणं आणि शुक्रवारी माझं मटण न खाणं एकमेकींना चिडवायचो, पण हे नाही बोललो.

बोललो ते भांडणच जास्त.

सगळं सामान पुरुषांच्या मापाचं होतं. सेफ्टी बेल्ट तुझ्या कमरेला शेवटच्या भोकातही ढिला व्हायचा, तो तू चांभाराकडून जास्तीची भोकं पाडून आणलास. बुटात चिंध्या कोंबल्या. पण रबरी हातमोज्यांना काय करणार? प्रत्येक बोटाच्या पुढे रिकामं रबर लोंबायचं. त्या हातांनी पकड धरता येई, पण बारीक नट फिरवता येत नसे. तू लहान मापाचे मोजे तोंडी मागितलेस, लेखी मागितलेस, बैठकीत उभं राहून मागितलेस. स्टॉकला नाहीत. येतील. दोन बायकांसाठी वेगळी खरेदी कशी करायची. एकदा एका बाबूने सांगितलं, ताई, हात वाढवा. आणि सगळे हसले, तूही हसलीस. मला त्या हसण्याचा त्याच्या विनोदापेक्षा जास्त राग आला होता.

मी म्हणायचे, मोजे मिळेपर्यंत चढायचं नाही. सरळ नाही म्हणायचं. तू म्हणायचीस, तू येडी आहेस, आपण एकदा नाही म्हटलं की ते वाटच बघतायत. मी म्हणायचे, आपल्याबरोबरचा लाईनमन सुहास नाही म्हणतो ना? सुहासने बेल्ट जुना आहे म्हणून काम थांबवलं तर साहेब म्हणाले, माणूस अनुभवी आहे, त्याला कळतं. तू म्हणालीस, "सुहास नाय म्हणालो तर सुहास नाय म्हणालो. मी नाय म्हटलंय तर बायल नाय म्हणाली."

ते खरं होतं. म्हणून मी आणखी भांडले. तुझं म्हणणं, इतकं चांगलं काम करून दाखवायचं की कोणाला तोंड उघडता येणार नाही. माझं म्हणणं, दाखवायचं कधीपर्यंत? पुरुष रुजू होतो त्या दिवसापासून लाईनमन असतो. आपली मात्र रोज नव्याने परीक्षा. महिलादिनाला त्यांनी तुला गुलाब आणि साडी दिली तेव्हा मी म्हटलं, साडी परत कर आणि मोजे माग. तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. तुला तो सत्कार आवडला होता, दर्शना. तुझ्या सासूला बोलावून पहिल्या रांगेत बसवलं होतं, सून विजेच्या खांबावर चढते म्हणून गावात लाजणारी ती म्हातारी त्या दिवशी टाळ्या वाजवत होती. मला ते दिसत होतं, तरी मी बोलले. आजही मला वाटतं, मी बरोबर होते. फक्त तुझ्याशी भांडायला आता तू नाहीस, आणि एकटीने बरोबर असण्यात काही राम नाही.

मे महिन्यातला तो दिवस. किनाऱ्यालगतच्या वाडीत सगळी घरं पर्यटकांनी भरलेली, दुपारचं ऊन, आणि खांबावरचा जोड जळून अर्ध्या वाडीची वीज गेलेली. तुझ्याबरोबर सुहास होता. तू वाडीला वीज देणारी डीपी बंद केलीस, फ्यूज काढून खिशात ठेवलेस. मग अर्थिंगची साखळी हवी होती. तारा जमिनीला जोडणारी ती साखळी लावली की कुठून चुकून वीज आली तरी ती माणसात न शिरता जमिनीत जाते. आपल्या सेक्शनला ती एकच. त्या दिवशी ती मामांच्या गँगबरोबर गेली होती. तू मामांना फोन केलास. ते म्हणाले, तासाभरात घेऊन येतो, तोवर चढू नको. तू थांबलीस. थांबलीस, हे मी मुद्दाम लिहिते आहे.

मग साहेबांचा फोन आला. तिथे मोठी माणसं उतरली आहेत, किती वेळ, लोक मला शिव्या घालतायत, डीपी बंद आहे ना, मग अडलंय काय. सुहास सांगतो, तू साखळीचं म्हणालीस. पलीकडून काय उत्तर आलं ते त्याला ऐकू आलं नाही. तू फोन ठेवलास, लांब दांड्याचा टेस्टर तारेला लावून बघितलास, तार मेलेली होती, आणि चढलीस. उजव्या हाताचा मोजा काढून बेल्टला खोचलास, कारण त्या मोज्यात नट धरता येत नव्हता. तेवढ्यात शेजारच्या एका निवासाच्या मालकाने पाहुण्यांसाठी जनरेटर चालू केला. कंपनीची लाईन आधी तोडूनच जनरेटर जोडणारा स्विच लागतो, तो त्याच्याकडे नव्हता. त्याची वीज उलटी फिरून तुझ्या तारेत आली.

मी तेव्हा गावाच्या दुसऱ्या बाजूला एका मीटरवर काम करत होते. पुढचं मी लिहिणार नाही.

मासळीबाजारात, रिक्षा थांब्यावर, देवळासमोर, सगळीकडे एकच ऐकलं: "बायल माणसान खांबार कित्याक चडाचां?" मी माझ्या नोकरीत खांबावरून गेलेल्या पुरुषांच्या मयताला गेले आहे. एकाला तर मी स्वतः खाली घ्यायला हात लावला होता. तेव्हा लोक म्हणाले, लाईन जुनी आहे, पगार कमी, जीव स्वस्त आहे. बापयांना खांबावर पाठवू नका, असं एकही माणूस म्हणाला नाही. त्यांच्या मरणाने कोणा दुसऱ्या पुरुषाची शिडी काढून घेतली नाही.

मी चर्चमध्ये तुझ्या आत्म्यासाठी मिस्सा सांगायला गेले. फादरनी विचारलं, ही कोण? मी म्हटलं, माझ्या कामावरची. त्यांनी नाव लिहून घेतलं, आणखी काही विचारलं नाही. त्या सगळ्या दिवसांत तेवढाच एक माणूस भेटला ज्याने मला काही समजावलं नाही.

तुझं बारावं झाल्यावर साहेब आणि ऑफिसातले दोघे तुझ्या घरी आले. मी आधीच तिथे होते. तुझा दिनेश भिंतीला टेकून बसला होता, तुझी मुलगी त्याच्या मांडीवर डोकं ठेवून. साहेबांनी सासूबाईंची विचारपूस केली आणि मग त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणाले, आजी, आमचंच चुकलं, हे काम बायकांचं नव्हेच, आम्ही तिला आत बसवायला हवं होतं. मी तोंड उघडणार होते. पण तुझी सासू, जिने लग्नानंतर वर्षभर तुझा खाकी शर्ट अंगणात वाळत घालू दिला नव्हता, ती पदराने तोंड पुसून, मुलाकडे बोट करून म्हणाली:

"सायबा, माझो झील खांबार मेलो असतो तर काय सांगतलात? ह्यां बापयांचां काम न्हय, म्हणान?"

दिनेशच्या बहिणीने तेवढ्यात चहाचा ट्रे आणला. म्हातारीने तिला हाताने थांबवलं.

"माझी सून कामार मेली. तिची चूक काय ती आधी दाखवा. मगे च्या घेवा."

ते चहा न घेता गेले. दर्शना, तू कामावरून येऊन रडायचीस त्या बाईबद्दल. मला वाटतं, तुला ती उशिरा कळली असती, पण कळली असती.

चूक दाखवायचं काम चौकशीने घेतलं. कागदावर आधीच टाईप होऊन आलं होतं: हातमोजे न घालता व अर्थिंग न करता काम केले, सबब स्वतःचा निष्काळजीपणा. आमच्या जबानीखाली आम्ही फक्त सही करायची होती. मी केली नाही. मोजे कोणत्या मापाचे होते ते लिहा, मग सही करते, असं म्हटलं. त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं. सुहास आत गेला आणि सही करून बाहेर आला. माझ्याकडे बघितलं नाही त्याने. त्याच्या घरी चार माणसं खाणारी आहेत, हे मला माहीत आहे, तरी मी अजून त्याच्याशी बोललेले नाही.

मग मामा आत गेले. निवृत्ती अगदी दारात आलेली, पेन्शनचे कागद याच ऑफिसातून जायचे. दार अर्धं उघडं होतं. आपल्याला ठाऊक आहे, ऑफिसात शिरलं की आपण सगळे शुद्ध मराठी बोलायला लागतो. मामा त्या दिवशी मालवणीतच बोलले: साखळी माझ्याकडे होती, सेक्शनात एकच आहे, दुसरी कित्येकदा मागितली आहे. तिने मला फोन करून साखळी मागितली आणि ती थांबली होती. त्यानंतर तिला साहेबांचा फोन गेला. हातमोज्यांची तिची मागणी माझ्यासमोर झाली, हसलेही माझ्यासमोर, आणि हसणाऱ्यांत मीही होतो. लिहिणाऱ्याने ते आपल्या भाषेत लिहिलं आणि शेवटी तोच शब्द घातला. मामांनी वाचून दाखवायला लावलं.

"निष्काळजीपणा ह्यो शब्द माझो न्हय," ते म्हणाले. "खोडा."

खोडलाच पाहिजे म्हणून ते खुर्चीत बसून राहिले. दुपार झाली, जेवायची वेळ झाली, तरी उठले नाहीत. शेवटी खोडला.

पूर्ण न्याय झाला असं तुला खोटं सांगणार नाही. अहवालात आता 'अपघात' एवढंच आहे. निवासाच्या मालकावर केस आहे, तारखा पडतायत, त्याचा जनरेटर अजून चालतो, फक्त आता स्विच बसवलाय. साहेबांची बदली झाली, पण शिक्षा म्हणून नव्हे, त्यांनी मागितलेल्या गावी. मामा निवृत्त झाले, त्यांचे पेन्शनचे कागद तीनदा त्रुटी काढून परत आले. आम्हा बायकांना आत बसवायचा हुकूम तोंडी आला होता. मी आणि कुडाळकडच्या सेक्शनमधल्या दोघी वायरमननी मिळून तो लेखी मागितला. लेखी द्यायला कोणी तयार होईना. जे लेखी देता येत नाही ते आम्ही मानलं नाही, आणि आम्ही अजून लाईनवर आहोत.

चतुर्थीनंतर एक खोका आला. त्यात लहान मापाचे हातमोजे होते, आणि एक नवी साखळीही. खोका फोडल्यावर मी मोजे घालून बघितले. बोटाच्या टोकापर्यंत बसले. इतके नीट बसले की मी स्टोअरच्या मागे जाऊन भिंतीवर हात आपटले. एवढंच होतं ते, दर्शना. बाजारात मिळणारी, कोणीतरी एकदा मागवायची वस्तू.

तू होतीस तेव्हा तुला नाही म्हणता येत नव्हतं. मला आता येतं, आणि ते तुझ्यामुळे येतं याची मला लाज वाटते आणि चीडही येते. मागच्या आठवड्यात संध्याकाळी एका वाडीत तार तुटली. गेलो तर दोन्ही साखळ्या दुसरीकडे. नवे साहेब फोनवर म्हणाले, डीपी बंद आहे ना, मग चढा. मी म्हटलं, साखळी आल्याशिवाय चढणार नाही. सोबतचा नवा लाईनमन हसून म्हणाला, मॅडम घाबरतात. मी म्हटलं, हो, घाबरते, आणि खांबाखाली चिऱ्यावर बसले. लोक जमले. एक म्हातारी कंदील घेऊन आली आणि म्हणाली, "गो बाय, आमी हंय उकडान मरतोव आणि तू बसलंस काय?" मी तिला म्हटलं, बसलेय, काकू, तुम्हीही बसा. मागून कोणीतरी, बायकांना कशाला ठेवतात, असं म्हणालं. मी ऐकलं, आणि उठले नाही. अंधार पडला तरी उठले नाही.

साखळी आली. मी ती लावली, चढले, तार जोडली, खाली उतरले आणि घरी गेले.